आरामाने बिघडलेली कंबर

या आजाराने मला काहीही शिकवलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आजारपणावर लिहिलेलं जे जे मी वाचलं त्यात शेवटी लिहिणाऱ्याला जगण्याचा अर्थ वगैरे सापडलेला असतो. मला सापडलं ते एवढंच, की ‘कंबर दुखते’ म्हटलं की समोरच्या माणसाचे कान बंद होतात आणि तोंड सुरू होतं.

मी वैशाली. नागपूरच्या कोर्टात लघुलेखक आहे. न्यायाधीश साहेब सांगतात आणि मी टाइप करते. ‘मी स्वतः पाहिलं नाही, पण मला खात्री आहे’ असं सांगणारे साक्षीदार आमच्याकडे रोज येतात आणि साहेब त्यांना तिथल्या तिथे थांबवतात. माझ्या कमरेबद्दल खात्रीने बोलणाऱ्यांना थांबवणारं मात्र कित्येक वर्षं कोणी भेटलं नाही.

ज्यांची कंबर सकाळी सगळ्यात जास्त दुखते आणि ज्यांना घरचे त्यामुळेच नाटकी समजतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बाकीच्यांनी नाही वाचलं तरी चालेल. त्यांना सगळं आधीच माहीत असतं.

पाठीतली सुई

माझी मुलगी सम्यका सिझरने झाली. ऑपरेशनच्या वेळी पाठीत इंजेक्शन देतात, हे आपल्याकडे प्रत्येक बाईला माहीत आहे. त्यामुळे माझ्या दुखण्याचं कारण शोधायला कोणाला क्षणही लागला नाही. नणंद म्हणाली सुईमुळे. ऑफिसातल्या बायका म्हणाल्या सुईमुळे. आमच्या जुन्या घरगुती डॉक्टरांनीही चिठ्ठीवर गोळ्या लिहिता लिहिता मान न उचलता तेच सांगितलं.

“पण हे लग्नाआधीपासून दुखतंय,” मी सांगायची. टायपिंगच्या परीक्षेची तयारी करत होते तेव्हापासून.

डॉक्टरांनी ते ऐकलंच नाही. सासूबाईंनी ऐकलं.

“लग्नाआधीपासून?” त्या म्हणाल्या. “मंग तेव्हा सांगतलं काहून नाही वं?”

जणू पंखा घरी आणल्यावर कळलं की एक पातं वाकडं आहे.

त्या दुखण्याची एक तऱ्हा होती. पहाटे जाग यायची ती दुखण्यानेच. सकाळी उठताना पाठ फळीसारखी झालेली असायची. आधी कुशीवर वळायचं, मग पलंगाची कड धरायची, मग पाय खाली सोडायचे, आणि मग भिंतीला हात लावत मोरीपर्यंत. गरम पाण्याने अंघोळ केली की थोडं सुटायचं. डबा भरेपर्यंत आणखी थोडं. ऑफिसला पोहोचून दोन मजले चढले की दुखणं असं ओसरायचं की माझं मलाच खोटं वाटावं. रविवारी जरा लोळले की सोमवार भयंकर जायचा.

आता हे सासूबाईंच्या बाजूने पाहा. पोळ्या लाटायच्या वेळी सून भिंत धरून चालते, आणि ऑफिसच्या वेळी तीच सून गाडी काढून निघते. त्यांनी शेजारच्या काकूंना खिडकीतून सांगितलं, मला ऐकू जाईल अशा बेताने:

“सकाळी हिची कंबर धरते, अन् हापीसचा टाइम झाला का एकदम मोकळी. असं कोणतं दुखणं असते बाप्पा, घड्याळ पाहून येणारं?”

प्रश्न अगदी बरोबर होता. तो त्यांनी काकूंऐवजी एखाद्या डॉक्टरला विचारला असता तर माझी काही वर्षं वाचली असती.

माझे यजमान प्रमोद वीज खात्यात आहेत. माणूस वाईट नाही. एका सकाळी मी ओट्याला टेकून उभी होते तेव्हा ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “वैशाली, खरं सांग. तुले सकाळचं काम नको वाटते का? तसं असन तं बाई लावू आपण. मी आईले समजावतो.”

त्यांना वाटत होतं ते फार मोठ्या मनाने बोलताहेत. मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही. त्या आठवड्यात त्यांनी खरोखरच एक बाई लावली. पोळ्या चांगल्या करायची. कंबर दुखायची ती दुखतच राहिली.

नस बसवणारा

पट्टा झाला. कडक गादी झाली. मग कोणीतरी सांगितलं की गादी नकोच, जमिनीवर झोपा, म्हणून चटई झाली. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने मला मोबाईलवर रोज एक व्यायाम पाठवायचा सपाटा लावला. तो स्वतः जिना चढून आला की खुर्चीत पडून धापा टाकायचा. एक बाई म्हणाली, “तू मनातून बरी हो आधी.” या बाईला मी अजून माफ केलेलं नाही.

मग माझ्या चुलतभावाने मला गांधीबागेत नेलं. कापडाच्या ठोक दुकानांच्या मागे, गाठोडी उतरवतात त्या गल्लीत, एक माणूस चढलेली नस बसवून द्यायचा. बाहेर रांग होती. रांगेतला प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता की इथे एका झटक्यात बरं वाटतं. एका झटक्यात बरं वाटलेले हे लोक पुन्हा रांगेत का उभे आहेत, असं मी भावाला विचारलं. तो म्हणाला, “तू न जरा विश्वास ठेवत जाय.”

त्या माणसाने मला पालथं झोपवलं. कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, काही विचारलं नाही. माझ्या पाठीवर टाच ठेवली, एक पाय उचलला आणि ओढला. कट्‌ असा आवाज झाला.

“बसली!” तो म्हणाला, आणि पुढच्याला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संडासात बसले ती मला उठता येईना. प्रमोदने काखेत हात घालून उचललं. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या दिवशी त्या खिडकीशी गेल्या नाहीत, एवढी एक गोष्ट मी त्यांच्या बाजूने नोंदवते.

फोटो खोटं बोलत नाही

त्यानंतर आम्ही हाडांच्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो. नाव देत नाही. तुमच्या गावात जे असेल तेच समजा. काचेचं दार, थंड हवा, भिंतीवर पाठीच्या कण्याचं भलंमोठं चित्र. आधी कमरेचा एमआरआय काढून या, मग सर भेटतील, असं सांगण्यात आलं. म्हणजे सरांना मला भेटण्याआधी माझ्या फोटोला भेटायचं होतं.

सरांनी फोटो उजेडावर धरला. “मणक्यातली गादी सरकली आहे,” ते म्हणाले. “इथे, आणि थोडी इथे.”

“सर, मला सकाळी उठताना…”

“मॅडम, फोटो खोटं बोलत नाही.”

फोटो खोटं बोलत नव्हता, हे मला पुढे कळलं. माझ्या वयाच्या कितीतरी धडधाकट माणसांचा फोटो काढला तर गादी थोडी सरकलेली दिसते म्हणे, आणि त्यांचं काही दुखत नसतं. फोटोला जे विचारलं ते त्याने सांगितलं. मला कोणी काही विचारलंच नव्हतं. सरांनी मला हातही लावला नाही. मी उभी होते आणि ते बसून, मधे टेबल होतं आणि त्यावर माझा फोटो होता.

पूर्ण विश्रांती, पाय ताणायला वजन, त्याने फरक पडला नाही तर ऑपरेशन. त्याच संध्याकाळी मी दाखल झाले.

हॉस्पिटलमधला दिवस कसा असतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. फरशी पुसायचा वास, चहा, ताप बघणं, रक्तदाब बघणं, पुन्हा फरशी. माझ्या पायांना पट्टे बांधून पलंगाच्या टोकाशी वजनं लटकवलेली. मी छतावरचा पंखा पाहत पडलेली. आणि माझ्या पाठीला, जिला हालचालीशिवाय एक क्षण चैन नव्हतं, तिला सगळ्या नागपुरातल्या सगळ्यात महागड्या पद्धतीने जागच्या जागी बांधून ठेवलेलं.

रोज सकाळी सर राउंडला यायचे, मागे चार जण.

“कसं वाटतं?”

“वाढलंय, सर.”

“हं. आराम कमी पडतोय.” आणि मागच्यांना, “कंटिन्यू.”

मला उठायची परवानगी फक्त बाथरूमपुरती होती. मी मुद्दाम सारखी जाऊ लागले, कारण तेवढ्या चालण्याने बरं वाटायचं. सिस्टरच्या ते लक्षात आलं. तिने मला भांडं आणून दिलं.

माझी आई डबा घेऊन यायची. आई पारशिवनीकडची, लग्नानंतर उभं आयुष्य नागपुरात काढलं, पण बोली तिथलीच राहिली. एके दिवशी ती माझ्या पायांना लटकवलेल्या वजनांकडे बराच वेळ पाहत बसली. मग म्हणाली,

“पोरी, तू इथं आली तेव्हा आपल्या पायानं चालत आली होती वं. आता तुले नेऊ कशी?”

घरी नेलं ते चाकाच्या खुर्चीतून गाडीपर्यंत आणि गाडीतून प्रमोदच्या खांद्यावर. कागदावर लिहिलं होतं: घरी विश्रांती सुरू ठेवावी, ऑपरेशनचा विचार करावा.

त्या दिवसांची भीती वेगळीच होती. मरण्याची भीती नव्हती. माझ्या आत काहीतरी हळूहळू घट्ट होत चाललंय आणि एका सकाळी ते सुटणारच नाही, ही भीती होती. सम्यका तेव्हा बालवाडीत जायची. मला वाकता येत नाही हे तिला कोणी समजावलं नव्हतं. ती आपली आपण पलंगाशेजारच्या स्टुलावर चढून उभी राहायची आणि बुटाचा पाय माझ्या पोटाशी आणायची. मी झोपल्या झोपल्या नाडी बांधायची. ती एकदाही म्हणाली नाही की आई, तू मनातून बरी हो.

डोळा

घरी पडून असतानाच माझा उजवा डोळा लाल झाला. आधी नुसता लाल, मग आत काहीतरी रुतल्यासारखा दुखायला लागला. खिडकीचा उजेड सहन होईना. प्रमोद म्हणाले डोळे आले असतील. सासूबाई म्हणाल्या, “पडल्या पडल्या मोबाइल पाह्यते नं दिवसभर.” औषधाच्या दुकानातल्या माणसाने न पाहताच एक थेंबांची बाटली दिली. दोन दिवसांनी समोरचं पुसट दिसायला लागलं तेव्हा प्रमोद घाबरले आणि मला धरमपेठेत डोळ्यांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

वय झालेलं, केस पांढरे, आवाज कडक. यंत्रावर हनुवटी टेकवायला सांगितली, डोळ्यात बघत राहिल्या. बराच वेळ.

“असं आधी कधी झालं होतं?”

“कॉलेजात असताना एकदा. मग मुलगी झाल्यावर एकदा.”

“कंबर दुखते का तुमची?”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. प्रमोद हसले. “डॉक्टर, कंबर तं हिची नेहमीचीच आहे. आपण आज डोळ्यासाठी…”

“मी यांना विचारलं.”

मी म्हणाले, दुखते.

“सकाळी जास्त की संध्याकाळी?”

“सकाळी.”

“चाललं-फिरलं की वाढते की कमी होते?”

“कमी होते.”

“आणि पडून राहिलं की?”

“वाढते.”

“किती वर्षांच्या होतात, सुरू झालं तेव्हा?”

मी सांगितलं. एवढे साधे प्रश्न. कुठलंही यंत्र लागत नाही. वर्षानुवर्षं ही उत्तरं तोंडात घेऊन मी दारोदार फिरत होते आणि हे प्रश्न मला विचारले ते डोळ्यांच्या एका डॉक्टरने.

“मग झोपून राहायला कोणी सांगितलं तुम्हाला?” त्यांनी प्रमोदकडे पाहिलं, जणू त्यांनीच सांगितलं होतं. प्रमोदने हॉस्पिटलचं नाव घेतलं. बाईंनी नाकातून एक आवाज काढला. तो आवाज मला आजही आठवतो, आणि आठवला की बरं वाटतं. इतकी वर्षं जो तिरस्कार मी एकटी वाहत होते, त्याला त्या दिवशी एक शिकलेली जोडीदार मिळाली.

“डोळा मी बरा करते,” त्या म्हणाल्या. “थेंब सांगते तसे घाला, एकही चुकवू नका, नाहीतर नजर जाईल. पण आजार डोळ्याचा नाही. कमरेचा आहे. संधिवाताच्या डॉक्टरकडे जा. आणि आजपासून पलंग सोडा.”

ज्या दिवशी नाव कळलं

संधिवाताचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी आधी माझं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही बोलले नाहीत, त्यामुळे मीच दोनदा थांबून विचारलं की सांगू ना पुढे. मग मला पालथं झोपवून कमरेच्या खाली, बैठकीच्या वरच्या बाजूला, दोन ठिकाणी अंगठ्याने दाबलं. मी ओरडले.

“इथे ना?” ते म्हणाले.

इथेच. आधीचा महागडा फोटो याच्या वरचा होता. जिथे दुखत होतं तिथला फोटो कोणी काढलाच नव्हता. तो काढला, रक्ताच्या तपासण्या झाल्या, आणि मग त्यांनी नाव सांगितलं: अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. शरीराचं रक्षण करणारी जी व्यवस्था असते ती उलटून आपल्याच सांध्यांवर उठते. कमरेच्या खालच्या सांध्यांपासून सुरुवात होते, कधीकधी डोळाही धरते. औषध घेतलं नाही तर काहींचे मणके एकमेकांना जुळत जातात. पूर्ण बरा होत नाही. आटोक्यात राहतो, आणि आटोक्यात राहिला तर माणूस सगळं करू शकतो.

“सुईमुळे?” प्रमोदने विचारलं. “बसायच्या कामामुळे?”

“नाही. कशामुळेही नाही. यांनी काही चुकीचं केलेलं नाही.”

असा जन्मभराचा आजार ऐकून माणसाने रडायला हवं. मला, खरं सांगते, आनंद झाला. लाज वाटावी असा आनंद. माझ्या दुखण्याला नाव होतं आणि ते नाव उच्चारायला अवघड होतं. भीती घरी पोहोचल्यावर आली.

डॉक्टरांनी आणखी एक विचारलं. “घरात कोणाची पाठ वाकलेली होती का? आईकडून, वडिलांकडून?” मी नाही म्हणाले.

बाहेर गाडीजवळ आल्यावर प्रमोद किल्ली हातात घेऊन उभे राहिले. गाडी सुरू करेनात.

“मी तुले बाई लावू म्हटलं होतं,” ते म्हणाले.

“हो,” मी म्हणाले.

यापेक्षा जास्त आम्ही त्यावर आजपर्यंत बोललेलो नाही. पण तेव्हापासून सकाळचा चहा तेच करतात.

नंतर

उपचार म्हणजे काही जादू नाही. आधी टीबी लपलेला नाही ना हे तपासलं, मग इंजेक्शनं सुरू केली. ती मी आता मांडीवर स्वतः घेते. पहिल्यांदा सुई हातात धरून मी इतका वेळ बसून राहिले की सम्यका म्हणाली, “मी डोळे मिटू का तू मिटते?” रोजचा व्यायाम आहे. तो चुकवला तर दुसऱ्या दिवशी कळतं. सर्दीतापाचीही काळजी घ्यावी लागते. पण काही महिन्यांनी एका सकाळी मी मोरीपर्यंत गेले आणि परत आले, आणि मग लक्षात आलं की भिंतीला हात लावला नव्हता.

कोर्टात मी साहेबांना सांगितलं की एका जागी फार वेळ बसणं मला चालत नाही. त्यांनी आजाराचं नाव विचारलं नाही. “उभं राहून टाइप करा,” म्हणाले, आणि शिपायाकडून उंच टेबल मागवलं. मला मिळालेल्या दयेत ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची होती.

बाकी माणसं सुधारली असं समजू नका. नाव कळल्यावर सासूबाई म्हणाल्या, “मले तं पहिलेपासूनच वाटे, हे काहीतरी मोठं हाय.” नणंद म्हणाली, “सुईनंच जागं झालं असन ते.” मोबाईलवर व्यायाम पाठवणारा आता संधिवाताचे व्यायाम पाठवतो. ऑफिसातल्या बायका म्हणतात, “पण तू तर अजिबात आजारी दिसत नाहीस,” आणि हे कौतुक आहे असं त्यांना वाटतं. मोठ्या हॉस्पिटलातल्या सरांकडे मी नवे रिपोर्ट घेऊन मुद्दाम गेले. त्यांनी ते उजेडावर धरले. “हं, असूही शकतं,” म्हणाले, आणि घंटी वाजवून पुढच्या पेशंटला बोलावलं. मी जागची उठले नाही. म्हणाले, “सर, पुढच्याला एवढंच विचारा, सकाळी दुखतं की संध्याकाळी.” ते माझ्याकडे बघत राहिले. विचारलं की नाही मला माहीत नाही. दार बंद झालं होतं.

तुम्हालाही सांगते. प्रत्येक दुखरी कंबर या आजाराची नसते. पण कमी वयात सुरू झालं असेल, महिनोन्‌महिने जात नसेल, सकाळी आखडत असेल, पडून वाढत असेल आणि चालून कमी होत असेल, कधी डोळा लाल होऊन दुखला असेल, तर हे सगळं डॉक्टरला सांगा. तो ऐकत नसेल तर उठा आणि दुसऱ्याकडे जा. पाय बधिर होत असतील, लघवीवर ताबा राहत नसेल, ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर वाट पाहूच नका. आणि पाठीवर टाच ठेवणाऱ्याच्या रांगेत उभ्या राहू नका, रांग कितीही लांब असली तरी.

नामदेवमामा

डॉक्टरांनी घराण्याबद्दल विचारलं होतं ते मी आईला सहज सांगितलं.

“कोणी वाकलेलं?” आई म्हणाली. “नामदेव नाही का वं आपला?”

नामदेव माझा मामा. पारशिवनीच्या पुढे एका खेड्यात राहतो, शिंपीकाम करतो. तो कमरेतून आणि मानेतून इतका वाकला आहे की उभा राहिला तरी त्याला जमीनच दिसते. माणसं तो चपलांवरून ओळखतो. “नवीन घेतल्या का वं?” असं त्याने विचारलं की समजायचं, त्याने आपल्याला पाहिलं. गावाचं म्हणणं, मशीनवर वाकून वाकून तो तसा झाला. आमच्या घराचंही तेच म्हणणं. इतकं पक्कं की डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तो मला आठवलाही नाही. त्याचं वाकणं हा आजार असू शकतो हे कोणाच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. त्याचं लग्न जमलं नाही. पोरं त्याच्या मागून वाकून चालायची.

मी आणि प्रमोद त्याला आणायला गेलो तेव्हा पारावरचा एक जण म्हणाला, “आता या वयात काय सरळ होते गा नामदेव?” बाकीचे हसले. प्रमोदने गाडी मुद्दाम त्यांच्या अगदी जवळून वळवली. धूळ भरपूर उडाली.

डॉक्टरांच्या खोलीत मामा खुर्चीवर बसला आणि फरशीकडे पाहत म्हणाला, “जयभीम, डॉक्टरसाहेब.” डॉक्टर टेबलामागून उठले. बाजूचं बुटकं स्टूल ओढून मामाच्या समोर बसले आणि इतके खाली वाकले की मामाला त्यांचा चेहरा दिसावा.

“जयभीम,” ते म्हणाले. “कधीपासून दुखायला लागलं, मामा?”

मामा सांगत राहिला. विसाव्या वर्षापासूनचं. सकाळी कसं व्हायचं ते, पहाटे अंगणात कसा फेऱ्या मारायचा ते. माझीच साक्ष दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यासारखं मला वाटत होतं.

तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी त्याला लपवाछपवी न करता सांगितलं, की कणा जुळून गेला आहे, तो आता सरळ होणार नाही. खुब्याचे सांधे बदलता येतील, त्याने बसणं-चालणं सोपं होईल. दुखणं कमी करता येईल.

मामाने ते सगळं ऐकलं. मग विचारलं, “म्हंजे मशीनीनं नाही झालं?”

“नाही.”

“पक्कं?”

“पक्कं. तुम्ही मशीनीला कधी हात लावला नसता तरी झालं असतं.”

फरशीवर मामाच्या पावलांच्या मधे एक थेंब पडला, मग दुसरा.

“माहा बाप मरेपर्यंत म्हणत होता,” तो म्हणाला, “म्याच याले मशीनीवर बसवलं, म्याच माह्या पोराले वाकवलं. शेवटी शेवटी तं माह्याकडे पाह्यतही नव्हता. मी समोर आलो का तोंड फिरवे.”

डॉक्टरांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

खुब्याचं ऑपरेशन पुढे झालं, नीट झालं. त्याला गावी सोडायला आम्ही गेलो तेव्हा तो काठी टेकत दारापर्यंत आला आणि म्हणाला, “वैशू, भिंतीवर बापाचा फोटो हाय नं, तो खाली घे. कितीक वर्षं झाली, मले वर पाह्यता नाही येत.”

प्रमोदने जुना खिळा काढला. मशीनजवळच्या भिंतीवर, अगदी खाली, मामाच्या नजरेच्या उंचीवर नवा खिळा ठोकला आणि फोटो लावला. तेवढ्यात शेजारचे दोघंतिघं दारात जमले होते. एकाने विचारलं, “कमर तं वाकडीच राह्यली गा, मंग डॉक्टरनं केलं काय?”

मामाने वळून पाहिलं नाही. तो फोटोसमोर स्टुलावर बसला होता आणि हळू आवाजात काहीतरी सांगायला लागला होता. आम्ही बाहेर आलो. मी त्या माणसांच्या तोंडावर दार बाहेरून ओढून घेतलं.